तानीबाईची पायरी

निपाणीत राहून ‘आम्हाला नाही बाई तंबाखूचा वास येत’ असं म्हणणारा माणूस एक तर तिथंच जन्मलेला असतो, नाही तर धडधडीत खोटं बोलत असतो. तो वास धुतलेल्या चादरीला असतो, भाकरीच्या पिठाला असतो, ट्रंकेत जपून ठेवलेल्या लग्नाच्या शालूलासुद्धा असतो. तानीबाई कांबळेला तो कधी आला नाही, कारण ती त्यातच जन्मली आणि त्यातच वाढली. वखारीत बसून तंबाखू चाळायची, काड्या निवडायच्या, पोती शिवायची, हे तिनं परकर नेसायच्या वयापासून केलं ते थेट गुडघे कुरकुरायला लागेपर्यंत केलं. वखार म्हणजे पत्र्याचं लांबलचक गोदाम. खिडक्या कायम बंद, कारण वारा शिरला की माल उडतो. माल उडू नये म्हणून माणसं कोंडायची, असा तो सगळा न्याय. दिवसभर तंबाखूच्या धुळीचा खकाणा उडायचा, डोळ्यांत जायचा, नाकात जायचा, आणि संध्याकाळी बायका बाहेर पडल्या की एकमेकींना ओळखायला अंमळ वेळ लागायचा.

तिचा नवरा आण्णाप्पा त्याच वखारीत हमाल. माणूस भारी हौशी. अक्षरओळख जेमतेम, पण जे वाचता येईल ते रस्त्यावर थांबून मोठ्यानं वाचायचा. पोरगी झाली तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर कसल्याशा पाटीत ‘सुविधा’ असा शब्द त्यानं वाचला आणि तिथंच नाव ठरवून टाकलं. आळीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. “अरं, असलं कुठं नाव असतंय व्हय रं?” आण्णाप्पा म्हणाला, “माझ्या पोरीला कशाची कमी पडू ने म्हणून ठेवलंय. तुमच्या पोटात का दुखतंय?” तो फार जगला नाही. काविळीनं गेला तेव्हा सुविधा शाळेत पाढे म्हणत होती. मागं राहिल्या दोघी, आणि भिंतीवर दोन तसबिरी, एक बुद्धाची आणि एक बाबासाहेबांची.

सुविधा दहावी झाली त्याच वर्षी निपाणीत कॉम्प्युटर आला. बेळगावचे गोपाळ देशपांडे नावाचे तरुण इंजिनिअर, त्यांनी बाजारपेठेत क्लास काढला. खाली कापडाचं दुकान, त्यावर मारुतीरावांचा टायपिंग क्लास, आणि सगळ्यात वर हे. गावानं जत्रेतला पाळणा बघावा तसं ते यंत्र बघून घेतलं. शाळेत पहिल्या आलेल्या मुलीला सर शिकवायला तयार झाले, आणि ती मुलगी सुविधा होती. तानीबाईला कॉम्प्युटर म्हणजे काय हे अजिबात कळलं नाही. पण तिथं खकाणा नसतो एवढं तिला कुणीतरी सांगितलं, आणि तिला तेवढं पुरलं.

पहिल्या दिवशी ती लेकीला घेऊन वखारीतनं सरळ तिकडंच गेली. वरच्या मजल्यावर काचेचं दार, दारात पायपुसणं, आत एसीचा गारवा. चपला काढून दोघी उभ्या राहिल्या तर सर बाहेर आले. आवाज अजिबात चढवला नाही त्यांनी. “बाई, तुम्ही वखारीतनं आलाय ना? कपड्यांवर धूळ आहे. मशीनला चालत नाही हो. मुलीला स्वच्छ करून पाठवा, आणि तुम्ही आपलं खालीच थांबत जा.” तानीबाई म्हणाली, “व्हय व्हय, माझंच चुकलं,” आणि चपला हातात घेऊन जिना उतरली.

सुविधाला पुढं कित्येक वर्षं तो सभ्यपणाच बोचला. माणूस ओरडला असता तर त्याचा राग तरी धरता आला असता. पण सरांनी तिला मन लावून शिकवलं, पुस्तकं दिली, पुढं कुठल्या कॉलेजात जायचं ते सांगितलं. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? आणि नाही रागवायचं तर आईकडं बघायचं कसं?

तेव्हापासून मायलेकींचा एक नेम सुरू झाला. सुविधाही सकाळी वखारीत जायची, नाही गेली तर चूल कशी पेटणार? तिथं ती डोक्याला फडकं आवळून बसायची. वखार सुटली की तानीबाई तिला शिकेकाईनं न्हाऊ घालायची, बाभळीच्या काट्यानं एकेका नखातला खकाणा काढायची. क्लासचा ड्रेस घरात ठेवायचाच नाही, कारण घरालाच वास. तो ठेवला होता शेजारच्या गुणाबाईकडं. गुणाबाई दवाखान्यात आया होती, तिच्या घराला फिनेलचा वास असायचा, आणि तानीबाईच्या हिशेबी फिनेल कॉम्प्युटरला चालणारं होतं. नवरीलासुद्धा कुणी एवढं घासूनपुसून बोहल्यावर चढवत नाही. मग ती लेकीला घेऊन बाजारपेठेत जायची, लेक वर जायची, आणि आई जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर बसून राहायची, क्लास सुटेपर्यंत.

घरी जाताना ती कधी कधी विचारायची, “आज लई येळ थांबलीस मधी. कुणी काय बोललं का?” सुविधा म्हणायची, “न्हाय गं, कोण बोलतंय?” आया असं काहीतरी विचारतच असतात, असं तिला वाटायचं. त्यात तिनं कधी जास्त डोकं घातलं नाही.

आता सुविधा बेळगावात इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिच्या हाताखालून गेलेली पोरं बंगळुरात, पुण्यात, कुठं कुठं आहेत. आईला तिनं निपाणीतून उचलून आपल्याकडं आणलं त्यालाही बराच काळ झाला. पण तानीबाईची पायरी काही सुटली नाही. कॉलेजात कार्यक्रम असला की आई गेटपाशीच्या बाकावर. बँकेत गेलं की आई दारात. लेकीचा सत्कार झाला तेव्हाही म्हातारी हॉलबाहेर चपलांच्या ढिगाशेजारी बसलेली. “मी हितं बरी हाय गं. तू जा.” सुविधा चिडायची, आदळआपट करायची, एकदा तर रडलीही. तानीबाई शांतपणे म्हणायची, “तुला काय तरास हुतोय? मी बसतोय न्हवं?”

दोन वर्षांपूर्वी दम लागायला लागला. आधी बाजारातून येताना, मग अंगण झाडताना, मग नुसतं बोलताना. यंदा डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडापुढं धरला आणि विचारलं, काम काय करायच्या? वखार म्हटल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही. तोंडात मारायचा पंप दिला, जिने बंद म्हणाले. सुविधाला मात्र बाजूला घेऊन त्यांनी सांगितलं, की हा हिवाळा जड जाईल. काय बघायचं-बोलायचं असेल ते करून घ्या.

आणि त्याच आठवड्यात गोपाळ सरांचा फोन आला. सर आता पंचाहत्तरीला आलेले, टिळकवाडीत एकटेच राहतात. जुनी यंत्रं फेकवत नाहीत म्हणून त्यांनी घराच्या वरच्या मजल्यावर संगणकाच्या इतिहासाचं एक छोटं संग्रहालय मांडलं होतं. हँडल फिरवून बेरीज करायची यंत्रं, भोकं पाडलेली कार्डं, भाकरीएवढ्या फ्लॉप्या, असं सगळं. शाळांची पोरं येतात म्हणे बघायला. “आणि सुविधा, तुझं ते निपाणीचं मशीनसुद्धा आहे बरं का. चालू केलंय मी. ये एकदा. आई आहेत ना? त्यांनाही आण.”

जेवताना तिनं हे सहज सांगितलं. तानीबाईचा घास हातातच राहिला. जन्मात कधी ‘मला हे पाहिजे’ न म्हणालेली बाई. ती म्हणाली, “मला न्हे. मला त्ये बघायचंय. एकदाच.”

रविवारी सकाळी ती लवकर उठून तयार. अंगावर पांढरं पातळ, जे ती फक्त बुद्धपौर्णिमेला आणि चौदा एप्रिलला नेसायची. सुविधा खोलीत डोकावली तर म्हातारी खिडकीशी बसून सेफ्टीपिनेनं नखं कोरत होती. वखार सुटून किती वर्षं झाली, नखांत होतं काय? सुविधा गाडीची किल्ली घेऊन बाहेर जाऊन उभी राहिली.

सरांच्या घराला बाहेरून जिना. जिन्याच्या तोंडाशी पाटी: ‘कृपया चपला इथे काढाव्यात.’ ती वाचून दाखवायचीही गरज पडली नाही. तानीबाईनं चपला काढल्या, पदर खसखसून झटकला आणि कठड्याला धरलं. सर वर दारात उभे होते. “या बाई, या.” तानीबाईनं खालूनच “जयभीम” घातला. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की सुविधाला वाटलं, आज ही चढणार. जिने बंद म्हणणारे डॉक्टर गेले खड्ड्यात.

कशीबशी चार पायऱ्या चढली. मग छातीतून शिट्टी यायला लागली. आणखी एक पायरी, आणि ओठ काळेनिळे झाले. सुविधानं तिला कमरेला धरलं, मागं वळवलं, हळूहळू उतरवून अगदी खालच्या पायरीवर बसवलं आणि पंप दिला. नुसता तो श्वास ऐकू येत होता.

“जवा चढता येत हुतं, तवा…” तानीबाई म्हणाली आणि थांबली. मग हसली. “आता चढा म्हणत्यात तर छाती चढंना.”

सर घाईघाईनं खाली आले होते. बिचारे खरोखर घाबरले होते. “अगं, आधी सांगायचंस, एवढा दम असेल असं वाटलं नाही मला.” आणि मग, माणूस गांगरला की काहीही बोलतो तसं, ते म्हणाले, “निपाणीलाच का नाही आणलंस कधी वर आईंना? इतक्या जणांचे आईबाप येऊन बघून जायचे. मी तर त्यांना आज पहिल्यांदाच बघतोय.”

सुविधाच्या मस्तकात तिडीक गेली. आईनं तिचा हात दाबला. “सुविधा, ऱ्हाऊ दे.” पण आता काय राहू द्यायचं, आणि कुणासाठी?

“तुम्ही सांगितलं होतं म्हणून, सर.”

“मी?”

“पहिल्या दिवशी. धूळ आहे, खालीच थांबत जा म्हणालात. ती थांबली. क्लास संपेपर्यंत रोज थांबली. अजून थांबते आहे.”

सरांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. “धुळीसाठी म्हणालो असेन गं. त्या काळी एक मशीन बिघडलं की संपलंच सगळं. सगळ्यांनाच सांगायचो मी.”

“सगळ्यांना नाही. गिरणीवाल्यांचा मुलगा पिठानं माखलेला यायचा, त्याला पाय पुसून आत घ्यायचात तुम्ही. पीठ चालत होतं. वखारीत आमचीच माणसं होती, सर.”

हे वाक्य ती कित्येक वर्षं गिळत आली होती. सर कठड्याला धरून उभे राहिले. वाद घालतील, रागावतील असं तिला वाटलं, पण त्यांनी तसं काही केलं नाही.

“मला आठवत नाही,” ते म्हणाले. “पण तू म्हणतेस म्हणजे म्हणालोच असेन. आणि ते मला आठवतसुद्धा नाही, म्हणजे बघ.”

“न्हाय वो सर,” तानीबाई मध्येच म्हणाली, “धूळ हुतीच की अंगावर. पोरीला तुमीच मार्गाला लावलंसा. ही उगंच तोंड टाकतीया.” सुविधाला आईचाही राग आला. समजूत घालायची पाळी पुन्हा हिच्यावरच!

सर वळले आणि वर गेले. थोड्या वेळानं आले ते दोन्ही हातांत ते यंत्र धरून. जुना, फुगीर काचेचा पडदा, वजनदार. पाय चाचपडत, कठड्याला पाठ घासत एकेक पायरी उतरत होते. सुविधा धावली तर म्हणाले, “नको. हे मला आणू दे.” मग पेटी आणली, मग कीबोर्ड आणला. खालच्या खोलीच्या खिडकीतून वायर ओढली, अंगणातलं स्टूल पायरीपुढं ठेवलं आणि त्यावर सगळं जोडलं. धाप लागलेली, सदरा घामानं ओला. बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकायला लागली.

तानीबाई पुढं वाकली. “ह्योच?”

“ह्योच, आई.”

“एवढाच व्हय? मला वाटलेलं पिठाच्या गिरणीएवढं आसंल.” सरही हसले. मग तिनं पदरानं दोन्ही हात पुसले, मांडीवर ठेवले आणि हुकूम सोडला, “हं. वाजव.”

“काय वाजवू?”

“वर वाजवायचीस त्ये. मला ऐकायचंय.”

सुविधानं कीबोर्ड मांडीवर घेतला. पहिल्या आठवड्यात सरांनी जे घोकून घेतलं होतं तेच लिहायला लागली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटत गेली. तानीबाईनं पडद्याकडं बघितलंच नाही. तिनं डोळे मिटून मान एका बाजूला कलती केली, भजनाला बसतात तशी. आणि हळूहळू तिच्या कपाळाला आठी पडली.

“जोरात वाजव की.”

“जोरातच आहे, आई.”

“आवाज कुटाय? सर, ह्येचा आवाज गेलाय काय? बिघडलंय.”

“नाही बाई,” सर म्हणाले, “हे असंच. याला आवाज नसतोच म्हणा ना.”

“नसतो कसा?” तानीबाईनं डोळे उघडले. आता तिच्या आवाजात धार आली. “मी रोज ऐकलाय की वो. ताडताडताडताड. लई जोरात. पार रस्त्यापतोर यायचा. आनि बरोबर आलं की घंटी वाजायची, टिंग करून. तितं बाया मला वखारीत इचारायच्या, तानीबाई, काय करती तुजी लेक? मी म्हणायचो, ऐका जावा बाजारात हुबं राहून, माज्या सुविधाचा हात कसा पळतोय त्ये. दिसात किती घंट्या मिळवती. आनि मधीच थांबली की माजा जीव वरखाली. वाटायचं, कुणीतरी बोललं पोरीला. नखात काय घावलं का काय. परत सुरू झालं की बरं वाटायचं.”

सर चटकन म्हणाले, “अहो, तो आमचा नव्हे! खालचा मजला मारुतीरावांचा, टायपिंग क्लास. ते टायपरायटर वाजायचे. ओळ संपली की घंटी वाजते त्याची. आमचं तर काचेचं दार बंद असायचं, खाली काय ऐकू येणार?” बोलून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो. पण शब्द तोंडातून गेला होता.

सुविधानं कीबोर्ड मांडीवरून खाली ठेवला. आज लई येळ थांबलीस मधी. कुणी काय बोललं का? क्लासची दोन वर्षं ती म्हातारी, तेव्हा म्हातारीसुद्धा नव्हे, सुविधाच्या आजच्या वयापेक्षाही लहान असलेली बाई, दिवसभर खकाणा गिळून त्या पायरीवर बसायची आणि कुणा परक्या पोरांची टकटक लेकीची म्हणून ऐकायची. तिच्यावर हरखायची, तिच्यावर घाबरायची. आणि वर बंद दाराआड बसलेल्या लेकीला यातलं काही माहीत नव्हतं.

तानीबाईनं नजर अंगणातल्या फरशीकडं वळवली. मग म्हणाली, “मंजी मी दुसऱ्याच कुणाला ऐकत बसलेलो.”

“आई, मी वरच होते गं. खरंच तिथंच होते.”

“तू हुतीसच. तू कुटं जातीस?” तिचा आवाज फुटला. “मी कुणापाशी बसलेलो त्ये सांग. तुज्यापाशी बसलोय म्हणून तर मला वर न्हाय बोलिवलं त्येचं काय वाटलं न्हाय. दार लावलं तर लावू दे, आवाज येतोय न्हवं? त्येच्यावरच मी दीस काढलं गं बाई.”

ती रडली. सुविधानं आईला आण्णाप्पा गेला तेव्हाही असं रडताना बघितलं नव्हतं. रडता रडता दम लागला, पुन्हा पंप द्यावा लागला. सरांनी तोंड फिरवून घेतलं. तेही डोळे पुसत असावेत, पण सुविधानं तिकडं बघितलं नाही. तिला त्या क्षणी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. आईच्या पाठीवरून हात फिरवताना तिला एवढंच दिसत होतं, की हे यंत्र बघायला आणून आपण आईच्या हातात उरलेली एकुलती एक गोष्टही काढून घेतली. आणि हिवाळा तर सुरू झाला होता.

मग ती उठली. “सर, वर टायपरायटर आहे?”

“आहे. दारातच ठेवलाय. याच्यापासून सगळी सुरुवात झाली असं मुलांना सांगतो मी.” ते क्षणभर घुटमळले. “मारुतीरावांचाच आहे. क्लास बंद केला तेव्हा एक मला दिला त्यांनी. थांब, आणतो खाली.”

“नको. खाली नका आणू. तिथंच असू दे.” ती आईपुढं वाकली. “आई, जरा बसतीस हितं?”

“बसतो की. मला कुटं जायाचंय?”

सुविधानं चपला काढल्या आणि जिना चढला. सर तिच्या मागून आले. दाराशीच एका मेजावर ते काळं धूड होतं, शेजारी ‘हात लावू नये’ अशी छोटी पाटी. सरांनी ती पाटी उचलून खिशात घातली. कागदाचा एक ताव रुळात सरकवून दिला, दोन्ही दारं सताड उघडली, मध्ये येणारा पडदाही बाजूला केला आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले.

तिनं टायपरायटर आयुष्यात कधी चालवला नव्हता. पहिल्या दाबाला अक्षर उमटलंच नाही. तिची बोटं अलगद हात लावण्याला सोकावलेली. मग तिनं सगळा जोर लावला, शेणी थापाव्यात तसा. ताड. ताडताड. ताडताडताडताड. कागदावर काय उमटतंय याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. नखं दुखायला लागली, अक्षरांच्या दोन-दोन दांड्या एकमेकींत अडकल्या, तिनं त्या हातानं सोडवल्या आणि पुन्हा सुरू केलं. आवाज खोलीत मावेना. दारातून बाहेर पडला आणि जिन्यावरून गडगडत खाली गेला. ओळ संपली, टिंग करून घंटी वाजली. तिनं दांडा ओढून कागदाचा गाडा मागं आणला, पुन्हा बडवायला लागली, पुन्हा घंटी. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, अक्षरं दिसेनाशी झाली होती, तरी ती बडवतच होती. शेवटी नाक पुसायला म्हणून तिनं हात वर घेतला आणि यंत्र थांबलं.

अंगण शांत. मग खालून, अगदी खालच्या पायरीवरून, दम खात खात तानीबाईचा आवाज आला.

“का गं थांबलीस? कुणी काय बोललं का?”

सुविधानं भिंतीपाशी उभ्या असलेल्या सरांकडं बघितलं. सरांनी मान खाली घातली.

“न्हाय, आई,” ती ओरडून म्हणाली. “कुणीबी काय बोललं न्हाय.”

आणि तिनं दांडा ओढून गाडा मागं आणला.